घरकुलाच्या भिंती राखेच्या विटांच्या: पैसा कुठून मिळतो आणि काय तपासायचं

चंद्रपूर जिल्ह्यात मी घरकुलांची कामं तपासते. मंजुरीचं पत्र हातात पडलं की बरेच जण आधी भट्टीवाल्याला लाल विटांचा इसार देऊन येतात आणि मग मला विचारतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, इसार देण्याआधी थोडं थांबा आणि राखेच्या विटांचा विचार करा.

पंतप्रधान आवास योजना (ग्रामीण) मध्ये कमी कार्बनच्या (म्हणजे राखेच्या विटांसारख्या, बनताना कमी धूर सोडणाऱ्या) साहित्यासाठी वेगळा हप्ता नाही. भिंत कशाचीही असो, सपाट भागात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये मिळतात. बाकीची मदत वेगवेगळ्या खात्यांतून येते आणि ती मागून घ्यावी लागते. रोजगार हमीतून सपाट भागात ९० दिवसांची मजुरी मिळते. त्यासाठी जोत्याचं काम सुरू होण्याआधीच ग्रामरोजगार सेवकाला सांगून मस्टर (मजुरांचा हजेरीपट) काढून घ्या. शौचालयाचे १२,००० वेगळे. तहसीलमधून ५ ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य मिळते, तिचा अर्ज लवकर करा. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात राज्याने २०२५ मध्ये ५०,००० रुपये वाढवून दिले. त्यातले १५,००० मात्र छतावर सौर यंत्रणा बसवणाऱ्यालाच मिळतात, म्हणून स्लॅब टाकतानाच पॅनेलची जागा ठरवा.

आता विटा. आपल्याकडे कोळशावरचं वीज केंद्र आहे, त्याची राख भरपूर आहे आणि २०१६ पासून राज्याचं राख वापराचं धोरणही आहे. राखेच्या विटा भाजाव्या लागत नाहीत, त्यामुळे कोळसा आणि लाकूड दोन्ही वाचतं. शेतातली वरची सुपीक मातीही भट्टीत जात नाही, आणि मला त्याचं मोल फार वाटतं. पण कारखान्यातून उतरलेली प्रत्येक वीट चांगली असते असं नाही. गाडी रिकामी करण्याआधी चार-पाच विटा वेगवेगळ्या थरांतून काढा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यायला हवा. कोरडी वीट वजन करून २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. वजन २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये, म्हणजे ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर जाऊ नये. त्याहून जास्त पाणी प्यायली तर गाडी परत पाठवा, भीड ठेवू नका. वीट पाडून महिना झाला आहे का, हेही विचारा. ओली, ताजी वीट भिंतीत गेल्यावर आकसते आणि प्लास्टरला केसासारख्या भेगा पडतात.

गवंडी रॅट ट्रॅप बांधणी जाणत असेल तर जरूर करून घ्या. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवतात. विटा साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात त्या पोकळीचा फरक घरातल्या माणसांना जाणवतो. न जाणणाऱ्या गवंड्याकडून मात्र तुमच्या घरावर शिकवणी करून घेऊ नका; साधी नऊ इंची बांधणी बरी.

सिमेंटच्या बाबतीत गवंडी त्रेपन्न ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीच्या साध्या सिमेंटचा, हट्ट धरतात. घरकुलाला त्याची गरज नाही. पीपीसीची (राख मिसळलेल्या सिमेंटची) गोणी घ्या, तिच्यात १५ ते ३५ टक्के राखच असते. एक टन क्लिंकर (भट्टीत भाजलेले खडे, जे दळून सिमेंट होतं) तयार होताना ८०० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेवढं क्लिंकर वाचलं. अट एकच: पाणी किमान १० दिवस मारायचं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. इथे कंटाळा केला तर स्लॅब कायमचा कच्चा राहतो.

शहरात गृहप्रकल्प करणाऱ्यांसाठी नियम वेगळे आहेत. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत गृहा (पर्यावरणपूरक इमारतींच्या) मानांकनाच्या तीन, चार किंवा पाच ताऱ्यांवर मूळ चटई क्षेत्राच्या अनुक्रमे ३, ५ आणि ७ टक्के जादा चटई क्षेत्र मिळतं. शहरी आवास योजनेच्या २.० मध्ये भागीदारीतल्या परवडणाऱ्या प्रकल्पांना नव्या बांधकाम तंत्रासाठी चौरस मीटरला १,००० रुपये आहेत. मानांकनाची नोंदणी नकाशा मंजुरीच्या वेळीच करा.

गावातल्यांनी प्रत्येक टप्प्याचा फोटो योजनेच्या ॲपवर चढल्याशिवाय पुढचं काम झाकू नये. जोता, लिंटल (दार-खिडक्यांवरची आडवी पट्टी), छत, तिन्ही वेळा अभियंत्याला आदल्या दिवशी फोन करा, आणि विटांची, सिमेंटची पक्की बिलं एका पिशवीत ठेवा.