सलूनची गोष्ट कुठे फसली आणि काय बदललं

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला केस कापायला नेण्याआधी सोशल स्टोरी, म्हणजे तिथे काय काय होईल हे आधीच समजावणारी छोटी गोष्ट, वाचून दाखवली, तरी ट्रिमर सुरू होताच मूल खुर्चीतून पळालं. दोष गोष्टीत होता. तिच्यात फक्त कात्री होती, ट्रिमरचा आवाज नव्हताच! शिवाय ‘घाबरायचं नाही, शांत बसायचं’ अशी वाक्यं. ती गोष्ट कसली, सूचनांचा फलकच.

नवी गोष्ट आठ पानांची केली. पानावर एक फोटो, एक वाक्य. फोटो त्याच सलूनचे, त्याच खुर्चीचे. नेटवरचं चित्र दिलं की ‘ही ती जागा नाही’ म्हणून मूल दारातच अडतं. वाक्यं ‘मी’ने सुरू होणारी किंवा नुसती माहिती देणारी: ‘दादा गळ्याभोवती कापड बांधतात. ट्रिमर घूंऽऽ असा वाजतो. मानेवर केस पडले की कधी कधी टोचतात. मला नको वाटलं तर मी हात वर करू शकतो.’ काय करायचं हे सांगणारं वाक्य एक असेल, तर माहितीची निदान दोन हवीत.

‘पाच मिनिटांत होईल’ लिहू नका. सहावं मिनिट लागलं की गोष्ट खोटी ठरते. ‘बहुतेक वेळा’ हा शब्द इथे फार कामाचा.

आठवडाभर रोज एकदा, मूल निवांत असताना वाचा. रडारड सुरू झाल्यावर पुस्तक काढून उपयोग नाही. आणि हात वर केल्यावर ट्रिमर थांबवायचा, हे सलूनवाल्या दादांना आधीच सांगून ठेवा.