नॅशनल पार्कात आधी कान्हेरी गाठा

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात बहुतेक जण गेटाजवळच रेंगाळतात आणि कान्हेरी लेण्यांचा चढ भर उन्हात चढतात. क्रम उलटा करा.

१. सकाळी लवकर पोहोचून थेट कान्हेरीची बस पकडा. अंतर सहा-सात किलोमीटर, शेवटचा टप्पा चांगलाच चढाचा. भाड्याची सायकल घ्यायची तर पायांत दम हवा!

२. लेण्यांचं तिकीट वेगळं असतं. रेंज दगा देते, म्हणून थोडे सुटे पैसे ठेवा.

३. तीन क्रमांकाच्या लेण्यातला मोठा चैत्य (बौद्ध प्रार्थनागृह) आधी, गर्दी व्हायच्या आत.

४. सफारी, बोटिंग परतताना.

खाऊची पिशवी हातात नको, माकडं झडप घालतात. कॅरीबॅगचा नुसता खुळखुळाट पुरतो. सोमवारी पार्क बंद.