मोगऱ्याचं घट्ट अत्तर, कोकमतेलात

गुलाब खुडला की त्याचा वास ओसरायला लागतो. मोगऱ्याचं तसं नाही. संध्याकाळी तोडलेली कळी परडीतही रात्री उमलते आणि पुढचे कित्येक तास नवा वास तयार करत राहते. कनौजचे अत्तरवाले मोगराही देगेत तापवून त्याची वाफ चंदनतेलात उतरवतात. मला मात्र घरी फ्रान्समधल्या ग्रास गावची जुनी रीत आवडते: फूल थंड चरबीवर ठेवायचं आणि जिवंत आहे तोवर त्याला दरवळू द्यायचं. वासाचे रेणू पाण्यापेक्षा चरबीत सहज मुरतात.

ग्रासला डुकराची नि गुरांची चरबी वापरत. आपलं खोबरेल २४-२५ अंशांलाच वितळतं, म्हणजे मोगऱ्याच्या ऐन हंगामात पातळच. म्हणून कोकणातलं कोकमतेल घ्या, भेगाळलेल्या टाचांना लावतो ते मुठेलच. ते साधारण ३८ अंशांपर्यंत घट्ट राहतं, पण नुसतं वापरलं तर फार कडक. त्यात बिनवासाचं रिफाइंड खोबरेल मिसळून मंद आचेवर वितळवा. थंड झाल्यावर बोट सहज रुतायला हवं; नाही रुतलं तर खोबरेल वाढवा.

हे मिश्रण काचेच्या थाळीत अर्धा सेंटीमीटर पसरा. कळ्या झाडावरच्याच घ्या, गजरेवाल्यांच्या नकोत, कारण त्यांच्यावर पाणी मारलेलं असतं आणि ओलीने चरबी खवट होते. उन्हं कलल्यावर टपोऱ्या, पांढऱ्या कळ्या तोडा, हिरवे देठ काढा, कळ्या चरबीवर हलक्या टेकवा आणि वर दुसरी थाळी पालथी घाला. दुसऱ्या संध्याकाळी चिमट्याने जुनी फुलं काढून ताजी मांडा. यात आळस नको. मोगऱ्यात इंडोल नावाचं एक वासाचं रसायन असतं. थोडं असतं तोवर वासाला खोली देतं, जास्त झालं की डांबरगोळीसारखं लागतं. फुलं तपकिरी होऊन कुजू लागली तर हाच जडपणा आणि आंबूसपणा चरबीत उतरतो.

दहा-बारा दिवस तरी असंच चालू द्या. मग चरबी खरवडून, जेमतेम वितळवून, मलमलीतून गाळा. अडीचशे ग्रॅमला वाळ्याच्या तेलाचे चार-पाच थेंब पुरतात. वाळ्याचे रेणू जड, सावकाश उडणारे, त्यामुळे मोगरा विरल्यावरही मागे काही उरतं. चंदनतेल परवडत असेल तर तेच घाला.

छोट्या डब्यांत भरा, उन्हापासून लांब ठेवा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. खाज सुटली नाही तर मनगटावर लावा. निशिगंधालाही हीच रीत चालते, फक्त पावसाळ्यात फुलं कोरडी मिळायला हवीत.