सर्टिफिकेट मागण्याआधी डीएनएसची झाडाझडती

वेबसाइटच्या एचटीटीपीएस सर्टिफिकेटची विनंती फसली की हात आपोआप पुन्हा तीच कमांड चालवायला जातो. तो आवरा. आधी डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था, तपासा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेत एका खात्यातून एका नावाची पडताळणी (डोमेन तुमच्याच ताब्यात आहे ना, ही तपासणी) तासात 5 वेळा फसली की दार काही काळ बंद होतं, मग चूक सापडली तरी ताटकळावं लागतं. तालीम त्यांच्या स्टेजिंग, म्हणजे सरावाच्या सर्व्हरवर करा. आणि एरर शेवटपर्यंत वाचा: एनएक्सडोमेन म्हणजे असं नावच नाही, सर्व्हफेल म्हणजे उत्तर मिळवतानाच काहीतरी बिनसलं, टाइमआउट म्हणजे पत्ता मिळाला पण तिथे कुणी दाद दिली नाही.

सगळ्यात आधी नेमसर्व्हर, म्हणजे तुमच्या डोमेनचे रेकॉर्ड (नोंदी) जगाला सांगणारे सर्व्हर. हे बावळट वाटेल, पण तुम्ही ज्या पॅनेलमध्ये रेकॉर्ड बदलताय तेच पॅनेल जगाला उत्तर देतंय का? डोमेन एकीकडे घेतलेलं, नेमसर्व्हर दुसरीकडे वळवलेले, आणि आपण जुन्याच पॅनेलमध्ये तासभर घाम गाळतोय, हे नेहमीचं. डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या डिग कमांडने एनएस (नेमसर्व्हरची नावं सांगणारे) रेकॉर्ड बघा आणि पुढचा प्रत्येक प्रश्न थेट त्याच नेमसर्व्हरना विचारा, एकेकाला वेगळा. एक नवं उत्तर देतो आणि दुसरा जुनं, असं असेल तर पडताळणी कधी पास होते, कधी नापास.

मग पत्ते. ए रेकॉर्ड (आयपीव्ही4चा पत्ता) सगळे तपासतात, एएएए (आयपीव्ही6चा पत्ता) विसरतात. सर्व्हर बदलताना आयपीव्ही4चा पत्ता बदलला आणि आयपीव्ही6चा जुनाच राहिला, यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे. ब्राउझरमध्ये साइट छान उघडत होती, कारण माझ्या कनेक्शनवर आयपीव्ही6 नव्हतंच. लेट्स एन्क्रिप्ट मात्र एएएए दिसला की आधी तिकडेच जातं. तिथून कुणीच बोललं नाही तर ते आयपीव्ही4 वापरून बघतं, पण जुन्या सर्व्हरने 404 असं उत्तर दिलं की तेच ग्राह्य धरतं. आयपीव्ही6 वापरत नसाल तर तो रेकॉर्ड सरळ काढून टाका. एचटीटीपी पडताळणी पोर्ट 80वर सुरू होते, ते फायरवॉलने अडवलेलं नाही ना, तेही बघून घ्या.

वाइल्डकार्ड, म्हणजे सगळ्या सबडोमेनना चालणारं सर्टिफिकेट हवं असेल तर टीएक्सटी (मजकूर ठेवणाऱ्या) रेकॉर्डला पर्याय नाही. त्याचं नाव अंडरस्कोरने सुरू होतं आणि पुढे ‘अ‍ॅक्मी-चॅलेंज’ येतं. बरीच पॅनेलं डोमेन स्वतःच शेवटी जोडतात. तुम्हीही पूर्ण नाव टाकलंत तर डोमेन दोनदा लागतं आणि रेकॉर्ड भलत्याच नावावर जाऊन बसतो. मूळ डोमेन आणि वाइल्डकार्ड एकत्र मागताना त्याच नावावर दोन वेगळी टीएक्सटी मूल्यं लागतात. दुसरं टाकताना पहिलं पुसू नका. मागच्या वेळची शिळी मात्र खुशाल काढा.

सीएए रेकॉर्ड (या डोमेनला सर्टिफिकेट कोण देऊ शकतं, ते सांगणारा) असेल तर त्यात तुम्ही जिच्याकडे सर्टिफिकेट मागताय त्या संस्थेचं नाव हवं. सप्टेंबर 2017 पासून हा रेकॉर्ड तपासणं सर्टिफिकेट देणाऱ्यांना बंधनकारक आहे. सबडोमेनवर तो नसेल तर वरच्या डोमेनचा लागू होतो, तेव्हा तिथेही डोकवा. मुळीच नसेल तर हरकत नाही, फक्त नेमसर्व्हरने ‘नाही’ असं स्वच्छ सांगायला हवं. सर्व्हफेल आलं तर सर्टिफिकेट अडतं.

शेवटी डीएनएससेक, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही. नेमसर्व्हर बदलले आणि रजिस्ट्रारकडचा (जिथून डोमेन घेतलं तिथला) जुना डीएस रेकॉर्ड, म्हणजे त्या सहीच्या किल्लीची खूण, तसाच राहिला, तर सही तपासणाऱ्या प्रत्येक रिझॉल्व्हरला (डीएनएसची उत्तरं शोधून आणणाऱ्या सर्व्हरला) सर्व्हफेलच मिळतं. डिगला चेकिंग डिसेबल्डचा (सही तपासू नको, असा) पर्याय लावून विचारा. त्याने उत्तर आलं आणि एरवी आलं नाही, तर दोष बहुधा इथेच आहे. डीएस काढला किंवा नवा टाकला तरी जुना टीटीएल (उत्तर साठवून ठेवण्याची मुदत) सरेपर्यंत थांबा, मग स्टेजिंगवर एकदा चालवा आणि तिथे पास झालं की खरी विनंती करा.