ऑफिसची खुर्ची सुटी केली, पण दांड्याने घाम काढला

घर बदलताना खुर्ची गाडीत मावेना, म्हणून खोलायला घेतली. हात आणि पाठ ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या किल्लीने) दहा मिनिटांत निघाले. चाकं उपसून काढली. खरी झटापट खुर्ची वर-खाली करणाऱ्या मधल्या गॅसच्या दांड्याशी. मी बराच वेळ स्क्रू शोधत बसलो. तिथे स्क्रू नसतोच! दांडा निमुळता असतो आणि बसणाऱ्याच्या वजनानेच खुर्चीच्या पायात घट्ट रुतत जातो.

खुर्ची उलटी केली, दांड्याच्या बाहेरच्या नळीच्या कडेवर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने ठोकलं. मधल्या बारीक दांडीवर मारायचं नाही, ती वाकते. पाचव्या-सहाव्या ठोक्याला पाय सुटला. वरचं टोक मात्र हलेना. सांध्यावर गंज सोडवणारं तेल मारलं, रात्रभर ठेवलं, सकाळी पाइप पान्याने पिळलं तेव्हा कुठे आलं. (पान्याचे ओरखडे उठले, पण ते दिसत नाहीत.)

भंगारात देणार असाल तर दांडा कापू, भोसकू किंवा तापवू नका. आत दाबाखालचा नायट्रोजन असतो. अख्खा दांडा वेगळा काढून भंगारवाल्याला तसं सांगूनच द्या. हातांचे आणि पाठीचे स्क्रू मी सीटखालीच चिकटपट्टीने चिकटवले.