डॉल्फिन पाहायला दुर्बीण कोणती न्यावी?
नवेगावबांध तलावाच्या काठावरून अडई बदकं बघायला १०×५० दुर्बीण (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये) छानच. पण मालवणच्या हलत्या होडीत तिच्यातून डॉल्फिन सापडतच नाही, कारण हाताचा थरकापही दहापट दिसतो. ७×५० किंवा ८×४२ न्या. कोपरं छातीशी घट्ट धरा, कठड्यावर मुळीच टेकवू नका; इंजिनाची थरथर थेट दुर्बिणीत उतरते. आधी नुसत्या डोळ्यांनी पाण्यावर आलेली कुबडदार पाठ हेरा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावा. ही सवय गावच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, काठाशीच डोंग्यात (लहान होडीत) बसून, आधी करून घ्या. निघायचं सकाळीच, वारा सुटण्यापूर्वी. परतल्यावर काच कोरडी पुसू नका, मिठाच्या कणांनी चरे पडतात. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने हलकेच टिपा.