व्हाउचरवाला भाडेकरू आणि घराची दुरुस्ती

कॅलिफोर्नियात थोडं स्थिरावलं की आपल्यातले बरेच जण भाड्याने द्यायला एखादं जुनं डुप्लेक्स, म्हणजे एका इमारतीतली दोन स्वतंत्र घरं, घेतात. त्यात भाडेकरू बहुधा आधीपासूनच राहत असतो. आपल्या डोक्यात मात्र पुण्या-मुंबईचा अकरा महिन्यांचा करार: मुदत संपली, महिन्याची नोटीस दिली, किल्ली हातात. इथे भाडं महिना-दर-महिना असलं तरी असं चालत नाही, आणि भाडेकरू सेक्शन एटचा, म्हणजे सरकारी भाडेमदतीचं व्हाउचर असलेला, असेल तर मुळीच नाही.

सेक्शन एटमध्ये भाडं दोन खिशांतून येतं. भाडेकरू साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के भरतो, उरलेलं हाउसिंग ऑथॉरिटी (ही मदत चालवणारं स्थानिक सरकारी कार्यालय) थेट तुम्हाला देते. तुमचा करार दोघांशीही असतो, म्हणून नोटिशीची एक प्रत ऑथॉरिटीकडे गेलीच पाहिजे. वर्षाहून जास्त राहिलेल्या साध्या भाडेकरूला ६० दिवसांची नोटीस लागते, व्हाउचरवाल्याला ९०. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच हे पक्कं केलंय. एजंट साठच म्हणत असेल तर वकील गाठा.

आता कारण. २०१९ च्या भाडेकरू संरक्षण कायद्यानुसार, वर्षभर राहिलेल्याला काढायला सबळ कारण लागतं. ‘मोठी दुरुस्ती’ हे त्यातलं एक, पण रंग, फरशी, स्वयंपाकघराची कपाटं एवढ्याला मोठी दुरुस्ती म्हणत नाहीत. प्लंबिंग, वायरिंग किंवा मूळ ढाच्याचं काम हवं, परवान्याशिवाय न होणारं, आणि त्यासाठी माणसांना निदान सलग ३० दिवस बाहेर राहावं लागेल असं. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून नोटिशीत कामाचं वर्णन आणि परवान्यांच्या प्रती जोडाव्या लागतात. परवाना आधी, नोटीस नंतर. हा क्रम आपली मंडळी हमखास उलटा करतात. काम झालंच नाही, तर भाडेकरूला जुन्याच अटींवर परत यायचा हक्क आहे. शिवाय दुरुस्तीसाठी काढताना भाडेकरूला एक महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम द्या, नाहीतर शेवटच्या महिन्याचं भाडं सोडा.

या कायद्यात सवलती आहेत, म्हणजे पंधरा वर्षांच्या आतली इमारत किंवा भाडेकरू आला तेव्हापासून तुम्ही स्वतः राहता ते डुप्लेक्स. पण ओकलंड, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिसचे स्वतःचे नियम आणखी कडक आहेत, तेव्हा शहराचं पान आधी वाचा. कुणी ‘पाणी बंद करा, आपोआप जाईल’ असं सुचवलं तर हसून सोडून द्या. ते सरळ बेकायदा आहे.

माझं मत विचाराल तर शक्य तेवढं काम माणसं राहत असतानाच, एकेक खोली घेऊन उरका. बे एरियात (सॅन फ्रान्सिस्को आणि आसपास) व्हाउचर स्वीकारणारं दुसरं घर सापडणं सोपं नाही. ते शोधायला भाडेकरूला बऱ्याचदा नव्वद दिवसही पुरत नाहीत. व्हाउचर आहे म्हणून नकार देणं २०२० पासून बेकायदा आहे, तरी सबबी सांगणारे घरमालक भरपूर. आणि घर रिकामं झालं की ऑथॉरिटीचे पैसेही थांबतात. बँकेचा हप्ता थांबत नाही, म्हणून निदान तीन-चार महिन्यांचा हप्ता बाजूला काढल्याशिवाय कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नका.